पंचेचाळीस हजारांत जॅझसाठी पोकळ गिटार : सांगली-मिरजेतील एक प्रकरण

या प्रकरणातील वादक एकावन्न वर्षांचे असून एका साखर कारखान्याच्या हिशेब विभागात नोकरीला आहेत आणि सांगलीत विश्रामबागेतील एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. तरुणपणी त्यांनी ऑर्केस्ट्रात ऱ्हिदम गिटार वाजवली होती. पुढे संसार आणि नोकरी यांत ती मागे पडली. त्या काळातली त्यांची साधी अकूस्टिक गिटार गावभागातील वडिलोपार्जित घरात ठेवलेली होती. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ती पाण्याखाली गेली आणि सांधे सुटून निकामी झाली. त्यानंतर त्यांनी एक सॉलिड बॉडी, म्हणजे भरीव लाकडाची, इलेक्ट्रिक गिटार आणि तिचा आवाज मोठा करणारा वीस वॅटचा लहान ॲम्प घेतला. माझ्याकडे ते आले तेव्हा हेच साहित्य त्यांच्याजवळ होते. मी सांगलीत गिटार शिकवतो आणि दुरुस्तीही करतो.

त्यांचा साथीदार मिरजेच्या एका ब्रास बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. लग्नसराईत तो वरातीपुढे असतो आणि एरवी मोकळा असतो. त्याला सगळे मास्तर म्हणतात, म्हणून येथेही तेच संबोधन ठेवतो. या दोघांनी अमेरिकन जॅझ क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या छोट्या वाद्यवृंदाची जुनी ध्वनिमुद्रणे ऐकली. त्यांत १९३९ पासून चार्ली ख्रिश्चन इलेक्ट्रिक गिटार वाजवत असे. क्लॅरिनेट आणि गिटार यांची ही जोडी आपल्यालाही साधेल असे दोघांच्या मनाने घेतले. ख्रिश्चन १९४२ मध्ये अवघ्या पंचविसाव्या वर्षी वारला. तेवढ्या अल्पकाळात गिटार हे केवळ ताल धरणारे वाद्य न राहता सनई-क्लॅरिनेटसारखे एकेक स्वर मांडणारे वाद्य होऊ शकते, हे त्याने दाखवून दिले. मास्तरांना हे लगेच पटले, कारण त्यांच्या दृष्टीने गिटार आजवर फक्त मागे 'झंग झंग' करणारी होती.

वादकांनी माझ्यापुढे ठेवलेला प्रश्न सरळ होता : पंचेचाळीस हजार रुपयांत जॅझसाठी पोकळ शरीराची कोणती गिटार घ्यावी? या रकमेत तारा, गिटार ठेवायची पेटी आणि जुळणीचा खर्चही बसवायचा होता. मी पहिले उत्तर घाईने दिले आणि ते चुकीचे ठरले. त्या चुकीमुळेच हे प्रकरण लिहून ठेवण्याजोगे झाले आहे.

माझे पहिले उत्तर सेमी-हॉलो, म्हणजे अर्धवट पोकळ, गिटारचे होते. दोघांना गणेशोत्सवात एका मंडळाच्या स्टेजवर आणि हिवाळ्यात एका स्नेहसंमेलनात, असे वर्षातून दोन कार्यक्रम मिळतात, हे मला ठाऊक होते. स्टेज म्हटले की मोठे स्पीकर आले, स्पीकर म्हटले की फीडबॅक, म्हणजे स्पीकरचा आवाज गिटारमध्ये परत शिरून होणारी घूं घूं, आला, आणि पूर्ण पोकळ गिटार फीडबॅकला सर्वांत आधी बळी पडते. म्हणून पोटातून लाकडाचा ठोकळा गेलेली गिटार घ्यावी, असा माझा हिशेब होता. गिब्सन या अमेरिकन कंपनीने १९५८ मध्ये ईएस-३३५ हे मॉडेल काढले तेव्हा नेमका हाच विचार होता. दोन बाजूंना पोकळ कप्पे आणि मधोमध सलग मेपलचा ठोकळा ठेवल्याने वरची फळी स्पीकरच्या आवाजाने थरथरत नाही आणि आवाज चढवला तरी गिटार घुमत नाही. एपिफोन, आयबानेझ आणि इतर अनेक कंपन्या त्या धर्तीच्या गिटारी परवडणाऱ्या किमतीत बनवतात. त्यामुळे बजेटचाही प्रश्न नव्हता.

मग मी त्यांना रोज केव्हा आणि कोठे वाजवता असे विचारले. हा प्रश्न खरे तर आधी विचारायला हवा होता. रात्री दहानंतर बैठकीच्या खोलीत वाजवतो, ॲम्प बंद ठेवूनच वाजवतो, कारण शेजारी लहान बाळ आहे, असे त्यांनी सांगितले. आठवड्यातून एकदा मास्तर येतात आणि तेव्हा ॲम्प अगदी हळू आवाजात लावला जातो. म्हणजे वर्षाचे दोन कार्यक्रम एका बाजूला आणि जवळजवळ तीनशे रात्री दुसऱ्या बाजूला होत्या, आणि मी गिटार त्या दोन कार्यक्रमांसाठी निवडायला निघालो होतो. ॲम्पविना वाजवली तर सेमी-हॉलो गिटार सॉलिड गिटारपेक्षा थोडीच अधिक ऐकू येते. मधला ठोकळा फीडबॅक अडवतो आणि त्याच कारणाने लाकडाचा स्वतःचा आवाजही अडवतो.

तरीही लगेच खरेदीला निघू नये असे मी सुचवले. आधी हातातल्या गिटारवर एक प्रयोग केला. कॅनडाचा एड बिकर्ट हा वादक टेलिकास्टर या सॉलिड गिटारवर उत्तम जॅझ वाजवत असे. तेव्हा पोकळ शरीराविना हा आवाज अजिबात येत नाही असे म्हणता येत नाही. आम्ही त्यांच्या गिटारवर फ्लॅटवाउंड तारा चढवल्या, नेककडचा, म्हणजे गिटारच्या मानेकडचा, पिकअप (तारांचे कंप विजेच्या संकेतात बदलणारा भाग) निवडला आणि टोनचे बटण अर्ध्याहून खाली आणले. नेहमीच्या राउंडवाउंड तारेवर गोल वेटोळे असतात. त्यांवरून बोट सरकताना खरखर येते आणि तारेचा आवाज झगझगीत राहतो. फ्लॅटवाउंड तारेवरचे वेटोळे चपट्या पट्टीचे असल्याने पृष्ठभाग गुळगुळीत राहतो, वरचे स्वरांश कमी होतात आणि आवाज गोल व थोडा बुटका होतो. या एका बदलाने सोळा आण्यांपैकी दहा आणे काम झाले. ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांनी येथेच थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उरलेले सहा आणे कोणते, हे मात्र त्या प्रयोगानेच उघड केले. सॉलिड गिटारवर स्वर छेडल्यावर तो लांबत राहतो. ख्रिश्चनच्या गिटारमध्ये तो ठणकन उमटतो आणि पटकन बसतो, त्यामुळे जलद ओळीतला प्रत्येक स्वर सुटा कळतो. हा गुण तारांपेक्षा गिटारच्या घडणीतून येतो. आर्चटॉप म्हणजे उभार दिलेल्या गिटारच्या वरच्या फळीला मध्ये फुगवटा असतो, व्हायोलिनसारखी इंग्रजी एफ अक्षराच्या आकाराची दोन छिद्रे असतात, आणि तारा ब्रिजवरून, म्हणजे घोडीवरून, जाऊन खाली टेलपीस या टोकाच्या पट्टीला अडकतात. ब्रिज चिकटवलेला नसतो. तो तारांच्या दाबाने फळीवर उभा राहतो. तारेची ऊर्जा या फळीत चटकन उतरते आणि चटकन संपते. एफ-छिद्रांची पहिली गिटार, गिब्सनची एल-५, १९२२ मध्ये आली. तेव्हा तिचे काम मोठ्या बँडमध्ये ॲम्पविना ताल ऐकू घालणे हे होते. १९३६ मध्ये त्याच घराण्यातल्या ईएस-१५० ला पिकअप बसला आणि ख्रिश्चनच्या हाती ती गेल्यावर पुढचा इतिहास घडला.

बजेटच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी तारीख मात्र १९४९ ची आहे. त्या वर्षी गिब्सनने ईएस-१७५ काढली. पुढे जिम हॉल, जो पास आणि पॅट मेथेनी अशा वादकांनी तीच गिटार वर्षानुवर्षे वापरली आणि आज 'जॅझ गिटारचा आवाज' म्हटल्यावर अनेकांच्या कानात तीच वाजते. ती अखंड स्प्रूसची कोरीव फळी लावून बनवलेली नव्हती. तिचे शरीर थर चिकटवून दाबून आकार दिलेल्या मेपलचे, म्हणजे एका अर्थाने प्लायवूडचे होते. कारण किमतीचे होतेच, पण त्याबरोबर एक फायदाही मिळाला : थरांची फळी कोरीव फळीपेक्षा ताठ असल्याने कमी घुमते आणि फीडबॅकला थोडा अधिक वेळ तग धरते. दुकानात 'प्लाय' हा शब्द ऐकून गिऱ्हाईक तोंड वाकडे करते. आमच्या वादकांनीही केले. पण ज्या आवाजामागे ते लागले होते तोच मुळी प्लायचा होता, हे सांगितल्यावर त्यांचा निम्मा संकोच गेला.

उरलेला निम्मा संकोच सांगलीच्या हवेने घालवला. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत कोरडी उष्णता असते आणि जुलै उजाडताच हवा दमट होते. अखंड लाकडाची पातळ फळी या चढउतारात फुगते, आकसते आणि एखाद्या वर्षी तडकतेही. थरांमध्ये रेषा एकमेकींना आडव्या असल्याने ही हालचाल फारच कमी होते. वातानुकूलित खोली किंवा आर्द्रता राखणारी पेटी ज्याला परवडत नाही त्याने कोरीव फळीच्या मागे लागू नये. शिवाय कोरीव फळीची बरी गिटार या बजेटच्या जवळपासही फिरकत नव्हती.

असे करत पूर्ण पोकळ, थरांच्या लाकडाची, एक कटअवे (वरच्या स्वरांपर्यंत हात जावा म्हणून शरीराला दिलेली खाच) असलेली गिटार हे उत्तर ठरले. येथे एक गोंधळ नोंदवतो, कारण पुण्यातल्या एका दुकानात आम्ही स्वतः त्यात सापडता सापडता वाचलो. एपिफोनची कॅसिनो आणि ईएस-३३५ च्या धर्तीची गिटार बाहेरून जवळजवळ जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. दोन्हींना दोन शिंगे, दोन्हींना एफ-छिद्रे आणि दोन्ही सडपातळ. पण कॅसिनो आतून पूर्ण पोकळ आहे आणि दुसरीच्या पोटात ठोकळा आहे. विक्रेत्याने दोन्हींना 'हॉलो' असे एकाच शब्दात संबोधले. म्हणून मोबाइलचा टॉर्च एफ-छिद्रातून आत टाकावा. समोरची बाजू मोकळी दिसली तर गिटार पोकळ आहे आणि मध्ये लाकडाची भिंत दिसली तर ती सेमी-हॉलो आहे. त्याच टॉर्चने छिद्राच्या कडेला थरांच्या रेषाही दिसतात आणि आत कोठे गोंद सुटला आहे का तेही कळते.

उमेदवारांपैकी काही लवकर बाद झाले. ग्रेचच्या स्ट्रीमलायनर मालिकेतील पोकळ गिटार दिसायला देखणी होती, पण तिचा आवाज वादकांना जॅझपेक्षा रॉकबिलीच्या, म्हणजे जुन्या रॉक-अँड-रोलच्या, बाजूचा वाटला. हे मत पूर्णपणे त्यांच्या कानाचे आहे आणि मी त्यात पडलो नाही. मिरजेत एका ओळखीच्या घरी एफ-छिद्रांची एक जुनी देशी गिटार धूळ खात पडली होती आणि ती जवळजवळ फुकट मिळत होती. तिचा मोह मला स्वतःला झाला. पण तिची फळी सपाट होती, नेकमध्ये तिचा वाक जुळवणारी धातूची सळई, म्हणजे ट्रस रॉड, नव्हता आणि बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरची आडवी धातूपट्टी) तारांची उंची इतकी होती की खालून पेन्सिल गेली असती. अशी नेक सरळ करायला गिटारच्या किमतीच्या कित्येक पट खर्च येतो. ती तेथेच ठेवली. शेवटी आयबानेझची आर्टकोर ही मालिका उरली. ही मालिका २००२ मध्ये सुरू झाली आणि स्वस्तात पोकळ गिटार घेणाऱ्यांसाठी आजही पहिले थांबण्याचे ठिकाण आहे. तिच्यात एएफ५५ आणि एएफ७५ ही दोन मॉडेल आमच्या उपयोगाची होती. दोन्हींचे शरीर साधारण सोळा इंच रुंद आहे आणि दोन्हींचा स्केल, म्हणजे नट (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) ते ब्रिज ही वाजणाऱ्या तारेची लांबी, ६२८ मिलिमीटरचा आहे.

स्केलच्या आकड्याकडे खरेदीदार सहसा पाहत नाहीत, पण पन्नाशीच्या बोटांना तो महत्त्वाचा असतो. त्यांच्या जुन्या गिटारचा स्केल ६४८ मिलिमीटर होता. तीच तार त्याच स्वराला लावली तर तिचा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून ६२८ वर तो सुमारे सहा टक्क्यांनी कमी भरतो. जॅझसाठी जाड तारा लावायच्या असतील तर हे सहा टक्के मनगटाला कळतात. त्यातच क्लॅरिनेट बी फ्लॅटचे वाद्य असल्याने मास्तरांच्या सोयीच्या पट्ट्या म्हणजे बी फ्लॅट, एफ आणि ई फ्लॅट. या पट्ट्यांत ऑर्केस्ट्रातले मोकळ्या तारांचे कॉर्ड उपयोगी पडत नाहीत. प्रत्येक कॉर्ड बंद बोटांनी धरावा लागतो. सुदैवाने जॅझमध्ये सहाही तारा वाजवण्याची गरज नसते. मूळ स्वर, तिसरा आणि सातवा एवढे तीन स्वर पुरतात, आणि पोकळ गिटारवर ते अधिक स्वच्छ ऐकू येतात.

नवीन एएफ७५ घेतली असती तर तारा आणि पेटी धरून आम्ही रकमेच्या वर गेलो असतो. पुण्यातील एका महाविद्यालयीन मुलाकडे तीन वर्षे वापरलेली एएफ७५ बत्तीस हजारांना निघाली होती. सकाळच्या गाडीने आम्ही दोघे गेलो. गिटार दिसायला नवीन होती, फ्रेट जेमतेम झिजले होते, ट्रस रॉड दोन्ही दिशांना फिरत होता आणि ब्रिजखाली फळी दबलेली नव्हती. या शेवटच्या गोष्टीसाठी पट्टी आडवी धरून पाहावे, कारण पोकळ गिटारवर तारांचा सगळा दाब तेथेच पडतो. पण पहिल्या मोकळ्या तारेवरून वर जाताच स्वर बेसूर होत गेले आणि बाराव्या फ्रेटवर तर कान टोचले. मुलानेच प्रांजळपणे सांगितले, "काका, हिचा सूर वर लागतच नाही. म्हणून तर विकतोय."

मी पट्टी लावली. ६२८ च्या स्केलवर नटपासून बारावा फ्रेट ३१४ मिलिमीटरवर असतो. तेथून ब्रिज तेवढ्याच, किंबहुना दोन-चार मिलिमीटर अधिक अंतरावर असावा लागतो, कारण बोटाने तार दाबताना ती किंचित ताणली जाते आणि ते भरून काढावे लागते. येथे पातळ तारांच्या बाजूला ब्रिज ३१० वर होता. मुलाने कधीतरी सहाही तारा एकदम काढल्या असाव्यात. तेव्हा न चिकटवलेला ब्रिज सरकला आणि पुन्हा अंदाजाने उभा केला गेला. तार आखूड झाल्यामुळे दाबलेला प्रत्येक स्वर चढा येत होता. गिटारमध्ये दोष काहीच नव्हता. हे त्याला व्यवहाराआधी सांगायचे की नाही, असा क्षणभर प्रश्न पडला. आम्ही सांगितले. त्याने ब्रिज सरकवून ऐकले, हसला आणि तरीही विकायचीच म्हणाला, कारण त्याला मेटल हे प्रखर रॉक संगीत वाजवण्यासाठी वेगळी गिटार हवी होती. किंमत बत्तीस हजारच राहिली.

खरेदीपेक्षा पुढची जुळणी अधिक रंजक होती, आणि ती मिरजेत झाली. मिरजेच्या सतारमेकरांची परंपरा मोठी आहे आणि तेथील सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, पण गिटारवाले सहसा तिकडे वळत नाहीत. मी मात्र आर्चटॉपचा ब्रिज बसवायचा असला की तेथेच जातो, कारण चिकटवल्याविना केवळ तारांच्या दाबाने तबलीवर, म्हणजे वरच्या फळीवर, उभी राहणारी घोडी त्यांना नवीन नाही. तंबोऱ्याची घोडी तशीच असते. आमच्या ब्रिजच्या लाकडी पायाखाली एका टोकाला फट होती आणि टॉर्च धरला की पलीकडचा उजेड दिसत होता. त्या फटीतून आवाज गळतो. कारागीर चाचांनी पायाला खडूची पूड लावली, फळीवर टेकवून उचलला, पूड कोठे निघाली ते पाहिले आणि तेवढाच भाग घासला. असे दहा-बारा वेळा केले. शेवटी फळीवर काचकागद उलटा, म्हणजे घासणारी बाजू वर करून पसरला आणि त्यावर ब्रिजचा पाय हलक्या हाताने पुढेमागे सरकवला. त्यामुळे फळीचा नेमका उभार पायाला उतरला. या कामाचे त्यांनी बाराशे रुपये घेतले. आधी ॲम्पविना जो आवाज खोलीच्या दारापर्यंत जात होता तो आता व्हरांड्यात ऐकू आला.

तारा १२ ते ५२ गेजच्या (इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेली जाडी) फ्लॅटवाउंड घेतल्या. पातळ तारांच्या संचातील तिसरी तार साधी, बिनवेटोळ्याची असते. या संचात ती वेटोळ्याची आणि सुमारे ०.०२४ इंच जाड असते. आर्चटॉपवर तिसरी तार वेटोळ्याचीच हवी. साधी जाड तार कॉर्डमध्ये बेसूर बोलते आणि इतर तारांपेक्षा ओरडते. ही जाडी नटच्या जुन्या खाचेत मावेना, म्हणून खाच बारीक कानशीने रुंद केली. नव्या तारांचा ताण वाढल्याने नेक पुढे वाकली आणि ट्रस रॉड पाव फेरा आवळावा लागला. नंतर बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसत्या स्पर्शाने काढलेला स्वर) आणि तेथेच दाबलेला स्वर ताडून पाहिले. दाबलेला चढा असेल तर ब्रिज मागे, उतरलेला असेल तर पुढे, असे करत जागा ठरली. ब्रिजच्या दोन्ही टोकांना फळीवर पेन्सिलने बारीक खुणा करून ठेवल्या आणि तारा यापुढे एकेकच बदलाव्यात असे वादकांना बजावले.

एक खोड शिल्लक होती. ब्रिज आणि टेलपीस यांच्यामध्ये तारेचा जो तुकडा राहतो तो काही स्वरांवर आपोआप किणकिणत असे. चाचांनी तेथे तंबोऱ्याचेच सूत दुपदरी करून तारांमधून विणले आणि किणकिण बंद झाली. तंबोऱ्यात हेच सूत घोडीवर तारेखाली सरकवून जवारी, म्हणजे स्वराचा गुंजता झंकार, खुलवतात. आवाज खुलवण्यासाठी आयुष्यभर वापरलेला दोरा आवाज दाबण्यासाठी वापरावा लागला, याचे चाचांना फार हसू आले.

खर्चाचा हिशेब वादकांनी हिशेबनिसाला शोभेल असा ठेवला आहे : गिटार ३२,०००, तारा २,४००, ब्रिजचे काम १,२००, कडक पेटी ४,००० आणि पुण्याचा प्रवास ८००, असे एकूण ४०,४०० रुपये. नवीन एएफ५५ घेतली असती तरी रक्कम याच घरात राहिली असती, आणि जुनी गिटार तपासून देणारे कोणी सोबत नसेल तर मी नवीनच घ्यायला सांगेन. पेटीवरचे चार हजार त्यांना जड वाटत होते. महापुरात एक गिटार गमावलेल्या माणसाला हे पटवायला मात्र वेळ लागला नाही. पेटी आता माळ्यावर, भिंतीपासून दूर ठेवली जाते.

घरच्या वापरात गिटार पहिल्या आठवड्यातच रुळली. रात्री ॲम्प बंद ठेवून वाजवताना स्वर स्वतःपुरता पुरेसा ऐकू येतो आणि शेजारच्या बाळाची झोप मोडत नाही. मास्तर आल्यावर ॲम्प लावला तरी बटण दोनच्या पुढे जात नाही, कारण क्लॅरिनेटच्या खालच्या सप्तकाला तेवढे पुरते. मास्तरांचा आवाज वरच्या पट्टीत गेला की गिटार झाकली जाते. तेव्हा त्यांनीच वाजवणे हळू करायचे असे दोघांत ठरले आहे. वरातीत वाजवण्याची सवय असलेल्या माणसासाठी ही सोपी गोष्ट नाही.

गणेशोत्सवात मात्र माझी पहिली भीती खरी ठरली. मंडळाच्या स्टेजवर मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर, वादकांच्या पायाशी ठेवला होता आणि सहाव्या तारेच्या पाचव्या फ्रेटवरचा ए, म्हणजे ११० हर्ट्झचा स्वर छेडताच गिटार घुमू लागली. अशा गिटारच्या पोटातल्या हवेचा स्वतःचा घुमाराही साधारण याच पट्टीत असतो, त्यामुळे त्या भागातल्या एखाद्या स्वरावर फीडबॅक आधी येतो. साउंडवाल्याने आवाज कमी केला तर मागचे श्रोते तक्रार करू लागले. शेवटी तीन गोष्टी केल्या : मॉनिटर गिटारच्या बाजूला, एफ-छिद्रांकडे त्याचे तोंड राहणार नाही असा वळवला, मिक्सरवर १२० हर्ट्झच्या खालचा भाग कापला आणि दोन्ही छिद्रांत फोमचे तुकडे बसवले. घूं घूं थांबले. आवाज किंचित पातळ झाला, पण श्रोत्यांच्या ते ध्यानात आले नाही. वादकांना आले, आणि पुढच्या कार्यक्रमाला जुनी सॉलिड गिटार न्यावी काय असा विचार त्यांनी बोलून दाखवला. फ्लॅटवाउंड तारा तिच्यावर अजून चढलेल्याच आहेत. तेव्हा स्टेजला ती आणि घरात ही, अशी विभागणी मला तरी रास्त वाटते. वादकांचा अजून निर्णय झालेला नाही.

एप्रिलच्या मध्यावर ते पुन्हा एकदा गिटार घेऊन आले. दोन तारा पाचव्या फ्रेटवर फटफटत होत्या. शरीर जागच्या जागी होते, ब्रिज पेन्सिलच्या खुणांवर तंतोतंत उभा होता. फक्त कोरड्या हवेने नेक मागे ओढली गेली होती. ट्रस रॉड एक अष्टमांश फेरा सैल केला आणि फटफट गेली. पावसाळ्यात तो पुन्हा तेवढाच आवळावा लागेल, म्हणून तारीख आणि फेऱ्याचा आकडा पेटीच्या झाकणात चिकटवलेल्या कागदावर त्यांनी लिहून घेतला, खाली हिशेबाच्या वहीत मारतात तशी दुहेरी रेघ मारून.